प्याल्याची घोडी

आल्मुदेना तानपुरा न्यायला आली तेव्हा
जवारी अजून उघडायची होती.
आठ दिवस, म्हणाले बाबालालचाचा.
लागले बारा.
मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
बारा संध्याकाळी काय करायचं माणसानं?
तिनं पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला.

आमच्या हिशेबानं तो अर्धवटच.
चाळीस पानं. अठ्ठी नाही, नव्वी नाही, दश्शी नाही.
सत्तीनंतर एकदम गुलाम,
तोही आपल्या दोन पायांवर उभा,
कमरेत कापून उलटा चिकटवलेला नाही.
मग घोडेस्वार. मग राजा, घोट्यापर्यंत झगा.
आणि राणी?
"राणी नाही," ती म्हणाली,
आज मंडईत भेंडी नाही, अशा सुरात.
हसीनाभाभी म्हणाली, बरंय,
उतारीत कुणी राणी मारायला नको.

बदाम नाही, किलवर नाही.
नाणी, सांगलीच्या हळदीसारखी पिवळी,
एक्क्यावर एकच, पण भाकरीएवढं.
प्याले, लाल काठाचे.
तलवारी निळ्या.
सोटे हिरवे, नुकते तोडलेले,
डहाळ्या छाटल्याच्या जागा अजून ओल्या.
चाचांनी सोट्याची तिर्री उजेडात धरली:
"वाळलेलं नाही लाकूड. दांडी वाकेल."

तलवारींपाशी मात्र ते गप्प झाले.
आमचं आडनाव शिकलगार.
पणजोबांचे पणजोबा पाती घासायचे,
मग पात्यांना गिऱ्हाईक उरलं नाही
आणि कुणीतरी एक मोडकी सतार आणून दिली,
बघा म्हणे, जमतंय का.
चाचांनी तलवारीच्या एक्क्यावरून अंगठा फिरवला,
धार बघतात तसा, आडवा.

खरी गंमत तिनं सातव्या दिवशी सांगितली.
प्रत्येक पानाला रेघेची चौकट असते.
नाण्यांची अखंड.
प्याल्यांची वर-खाली एकेकदा तुटते,
तलवारींची दोनदोनदा,
सोट्यांची तीनतीनदा.
पानं पसरायची नाहीत. नुसता काठ सरकवायचा,
गव्हाच्या दाण्याएवढा,
आणि रेघ कुठे थांबते ते बघायचं.
शेजाऱ्याला चित्र दिसत नाही,
तुम्हाला रंग कळतो.
"पडदेच की हे," चाचा म्हणाले,
आणि त्या रात्री पहिल्यांदा जिंकले.

ती गेली. जंक्शनवर आम्ही पाहिलं,
खालचा बर्थ तानपुऱ्याला दिला,
स्वतः वर चढली.
कॅट आमच्याकडे ठेवला.
मोजला तर एकोणचाळीस.
प्याल्यांचा घोडेस्वार गायब,
तिच्याबरोबर, किंवा भुशात, किंवा बोळातल्या गटारात.

मी एका निकाहाच्या पत्रिकेचा पुठ्ठा कापला.
घोडा मला येत नाही,
त्याचे पाय टेबलाचे होतात.
म्हणून मंगळवेढ्याचा भोपळा काढला, मधोमध कापलेला,
तोच प्याला,
आणि त्यावर घोडी बसवली.
आमची घोडी, हाडाची,
जिच्या पाठीवर तारा टेकतात.
कारागीर हसले. घोड्याच्या जागी घोडी!
हसीनाभाभीनं पान दोनदा बघितलं
आणि काही न बोलता कॅटात मधोमध खुपसलं.

रात्री डाव मांडला.
चाचांचा चष्मा कपाळावर.
त्यांनी काठ सरकवला, अखंड रेघ पाहिली,
नाणं समजून पान टाकलं
आणि डाव गेला.
सतरंजीवर भोपळा, भोपळ्यावर घोडी,
आणि भोवती मी पट्टी लावून,
जीव ओतून काढलेली
सलग चौकट.

"चित्र झकास आहे," ते म्हणाले.
"रेघ तोडायला विसरलीस."
जवारीची बारीक कानस उचलली,
वरच्या रेघेवर एक हात, खालच्या रेघेवर एक.
शाई निघाली, पुठ्ठ्याचं पांढरं दिसलं.
फुंकर मारली,
आणि सवयीनं
पान कानाशी नेलं.